टाकू नका ती जुनी कॅसेट!

दिवाळीची आवराआवर निघाली, की पहिली कुऱ्हाड जुन्या वस्तूंवर! शिरढोणला जाऊबाईंनी माळा काढला, तेव्हा व्हिडिओ कॅसेटचं खोकं हाती लागलं. १९८८ ते १९९० मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं ‘महाभारत’ भावोजींनी त्यांवर उतरवून घेतलेलं.

“याच्या तबकड्या आणल्यात की घरात!” म्हणत जाऊबाई खोकं भंगारात देणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “अगं, तबकडीत सगळं कुठंय? समयाचं बोलणं मधेच तुटतं.”

आम्ही हसलो. म्हटलं, वय झालं, आठवणीत घोटाळा होतो. पण कॅसेट लावली आणि गप्पच बसलो. हरीश भिमाणींच्या आवाजातलं निवेदन कॅसेटवर पुरतं होतं. आमच्या तबकडीवर अर्धंच!

असं का होतं? साध्या व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावतो. पाऊण तासाचे दोन भाग बसवायचे, तर कात्री आलीच. कधी गाण्यांचे हक्क आड येतात. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या अमेरिकन मालिकेची तबकडी २००७ साली निघाली, तेव्हा हक्क महाग म्हणून कितीतरी मूळ गाणी बदलली. २०१४ च्या संचात त्यांतली बरीचशी परत आली. आपल्याकडे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’चे तर थोडेच भाग उरले. त्या काळी फिती महाग. पुसून पुन्हा वापरत. तेव्हा घरच्या कॅसेटवर काय सापडेल, सांगता येत नाही, बरं का!

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा:

• कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. टीव्ही, स्पीकरपासून दूर.

• कोकणातल्या पावसात बुरशी धरते. फितीवर पांढरे डाग दिसले, तर कॅसेट लावू नका. यंत्रही खराब होतं. जाणकाराकडून साफ करून घ्या.

• मागचं प्लास्टिकचं बोंड तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

• संगणकावर उतरवून घ्या, तेही लवकर. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्येच थांबली.

• उतरवल्यावरही मूळ कॅसेट टाकू नका.

आमचं खोकं आता कपाटात, कोरड्या जागी आहे. आणि हो, सासूबाई काही सांगू लागल्या, की हसायच्या आधी आम्ही कॅसेट लावून बघतो!