एसएसडी घ्या, पण कशासाठी ते ठरवून

नांदेडच्या डॉक्टर लेनमधलं हॉस्पिटल असो, लातूरचे क्लासेस असोत की मार्केट यार्डातली मोठी आडत, सगळ्यांचा कारभार आता सर्व्हरवर आला आहे. दोन-तीन सर्व्हर आणि त्यांना मिळून एकच सामायिक स्टोरेज, म्हणजे दोन कंट्रोलर आणि बारा किंवा चोवीस डिस्कचं कॅबिनेट, ही अशा कामाची सुरुवातीची मांडणी. कोटेशन हातात आलं की एसएसडीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी तिला रामबाण समजतं, तर कुणाचा तिच्यावर विश्वासच नसतो. दोन्हीकडे नुकसान घेणाऱ्याचंच होतं.

गैरसमज १ : एसएसडी बसवली की सगळंच वेगाने चालतं.

वस्तुस्थिती : ते कामावर अवलंबून आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साधारण ८० ते १०० वेळाच शोधू शकते, कारण दर वेळी तिचं हेड जागचं हलवावं लागतं. एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. सकाळच्या ओपीडीत सगळ्या खिडक्यांवर एकदम केसपेपर निघतात किंवा शेकडो विद्यार्थी एकाच मिनिटाला सराव परीक्षेत लॉगिन करतात, तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.

पण सीटी स्कॅनची मोठी फाइल सलग वाचायला हार्ड डिस्कही सेकंदाला १५० ते २५० एमबीचा वेग देते. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून मात्र ११५ एमबीच्या आसपासच जातात. तिथे पैसे आधी १० गिगाबिटच्या स्विचवर खर्च करावेत. छोट्या कॅबिनेटच्या कंट्रोलरलाही मर्यादा असते. मोजक्या एसएसडीच त्याला पुरून उरतात. सगळे खण भरले म्हणून वेग त्या पटीत वाढत नाही.

गैरसमज २ : एसएसडी लिहून लिहून लवकर झिजते.

वस्तुस्थिती : झीज होते, पण हिशेब करून पाहा. ९६० जीबीची सर्व्हरसाठीची एसएसडी रोज एकदा पूर्ण भरून लिहिता येईल अशी पाच वर्षांची हमी असेल, तर एकूण लेखन होतं सुमारे १,७५० टीबी. रोज २०० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला तेवीस-चोवीस वर्षं लागतील. रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या एका पद्धतीत, पॅरिटीचं (डिस्क गेली तर माहिती पुन्हा उभी करणाऱ्या जादा नोंदींचं) लेखन वाढतं, तेवढी वजावट धरा. तरीही मध्यम हॉस्पिटलात किंवा पतसंस्थेत डिस्क झिजण्याआधी जुनी होऊन बदलली जाईल.

गैरसमज ३ : दुकानातली लॅपटॉपची एसएसडी बसवली तरी काम भागतं.

वस्तुस्थिती : इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. सर्व्हरच्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात. वीज अचानक गेली तर वाटेतली माहिती पक्की लिहून होईपर्यंत ते तिला जगवतात. स्वस्त एसएसडीत बहुधा ही सोय नसते, आणि सलग लेखनात तिचा वेगही कोसळतो. युपीएस हवाच, पण कॅबिनेटचा पॉवर सप्लाय बिघडला तर युपीएस काय करणार?

गैरसमज ४ : फिरणारे भाग नाहीत, म्हणून उन्हाळ्याची चिंता नाही.

वस्तुस्थिती : मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि अशा कॅबिनेटना खोलीचं तापमान ३५ ते ४० अंशांच्या आतच चालतं. एसएसडी तापली की स्वतःचा वेग कमी करते. सर्व्हरच्या एसएसडीचा आयुष्याचा कोटा संपला असेल आणि ती विजेविना ४० अंशांत पडून राहिली, तर माहिती तीन महिने टिकावी, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात आहे. जुनी एसएसडी कपाटात ठेवून तिला बॅकअप म्हणू नका.

गैरसमज ५ : रेड आहे, मग बॅकअप कशाला?

वस्तुस्थिती : रेड एखादी डिस्क गेल्यावर काम चालू ठेवतं. चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल ते परत देत नाही. एकाच वेळी बसवलेल्या डिस्क एकाच वेळी जाऊही शकतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने इशारा दिला होता, की काही एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यांतली माहिती परत मिळणार नाही. उपाय होता तो वेळेत फर्मवेअर बदलण्याचा. एएमसीच्या करारात हे काम नावानिशी लिहून घ्या.

दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या शहरात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या लातूर जिल्ह्याला याचं कारण सांगावं लागू नये. लातूरकरांनी प्रत नांदेडला ठेवावी, गोदाकाठच्या नांदेडकरांनी लातूरला.

मग घ्यायचं काय? डेटाबेस आणि व्हर्च्युअल सर्व्हरसाठी सर्व्हर दर्जाच्या मोजक्या एसएसडी आणि एक राखीव. एक्स-रे, स्कॅन, व्याख्यानांचे व्हिडिओ यांसाठी मोठ्या हार्ड डिस्क. पण कोटेशनवर सही करण्याआधी आठवडाभर सध्याच्या सर्व्हरवरच्या नोंदी तपासा. डिस्क वाट पाहायला लावते, नेटवर्क की सॉफ्टवेअर, हे त्यात दिसतं. बॅकअपचे पैसे मात्र आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत वेग विकत घ्या. रुग्णाचा जुना रिपोर्ट किंवा ठेवीदाराची नोंद एकदा गेली, की कितीही वेगवान डिस्क ती परत आणत नाही.