जुनी वस्तू, मानाची भेट



नाताळ जवळ येऊ लागला की मंडळ्यांमधून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. घरात जुन्या पण चांगल्या वस्तू आहेत, त्या वस्तीवरच्या कुटुंबांना भेट म्हणून द्याव्यात का? घेणाऱ्याला कमीपणा तर वाटणार नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. पाड्यावरच्या माणसाजवळ पैसा कमी असेल, पण मान कमी नसतो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

जुने वेगळे, टाकाऊ वेगळे

जुनी वस्तू भेट देणे आपल्याला नवीन नाही. तान्ह्या बाळाला आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे लागते. आईची गोधडी लेकीबरोबर सासरी जाते. आजोळचे तांब्याचे घंगाळ नातवाच्या घरी येते, तेव्हा त्याला कोणी ‘सेकंडहँड’ म्हणत नाही. बोहारणीला कपडे देऊन आपण भांडे घेतो, तो सरळ व्यवहार असतो. त्यात कोणाचे उपकार नसतात. अडचण तिसऱ्या प्रकारात आहे. कपाट रिकामे करायचे असते, गोणी भरली जाते आणि त्या अडगळीला आपण भेट म्हणतो.

पवित्र शास्त्रात या दोन्हींची उदाहरणे आहेत. योनाथानाने दाविदाला आपल्या अंगावरचा झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद दिला (१ शमुवेल १८). वस्तू वापरलेल्याच होत्या, पण राजपुत्र स्वतः जे वापरत होता ते त्याने एका मेंढपाळाच्या मुलाला दिले. उलट मलाखीच्या पहिल्या अध्यायात लोक आंधळी, लंगडी जनावरे अर्पणाला आणतात. असले जनावर अधिकाऱ्याकडे नजराणा म्हणून नेता येईल का, अशा अर्थाची कसोटी संदेष्टा त्यांना लावतो. आपल्यालाही तीच कसोटी पुरे. ही वस्तू मी माझ्या भाचीला देईन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती पाड्यावरही पाठवू नये.

इतरांनी हे काम कसे केले

अमेरिकेत बोस्टन शहरात १९०२ च्या सुमारास एडगर हेल्म्स या मेथडिस्ट पाळकांनी सुखवस्तू वस्त्यांमधून जुने कपडे व सामान गोळा केले. ते तसेच न वाटता त्यांनी गरीब लोकांनाच त्याची डागडुजी करण्याचे काम व मजुरी दिली. त्यातूनच ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ‘गूंज’ सुरू केली. तिथे गावकरी स्वतः ठरवून विहीर, बांध, रस्ता असे काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे व सामान घेतात. या कामासाठी गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे घेणारा हात पसरत नाही, तो कमावतो.

याची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मात्र काय हवे आहे, हे आधी विचारले गेले नव्हते.

आधी विचारा, मग काढा

धडगाव, अक्कलकुवा भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. नाताळात त्यांच्या घराला कुलूप असते किंवा घरी म्हातारी माणसे व थोडी मुले असतात. निघणाऱ्यांना डोक्यावर नेता येईल तेच उपयोगाचे: घट्ट झाकणाचा डबा, पातेले, जाड चादर. त्यांना लाकडी कपाट देऊन काय होणार? म्हणून अशा वस्तू दिवाळीपूर्वीच पोहोचाव्यात. नाताळात मागे राहिलेल्यांसाठी स्वेटर, शाल आणि ब्लँकेट द्यावे. सातपुड्यातली डिसेंबर-जानेवारीची रात्र कडक असते. छत्री, रेनकोट आणि दप्तर जूनच्या सुरुवातीला द्यावे.

वस्तू तयार कशी करावी

*पितळ-तांब्याची भांडी :* आतली कल्हई गेली असेल तर पुन्हा करून घ्या. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच असे आंबट पदार्थ कळकतात व ते पोटाला बाधतात.

*लोखंडी तवा-कढई :* गंज घासून काढा, भांडे तापवून कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा. जुना बिडाचा तवा नीट तयार केला की भाकरीला नव्याहून चांगला.

*शिलाई मशीन :* पायाने चालणारे जुने मशीन वीज नसलेल्या पाड्यावर मोटारच्या मशीनपेक्षा उपयोगी ठरते. तेल घाला, पट्टा बदला आणि एका चिंधीवर टीप मारून पाहा. दोन जादा बॉबिन व सुयांचे पाकीट सोबत ठेवा.

*सायकल :* ब्रेक, चेन व टायर तपासा. सोबत हवा भरायचा पंप दिलात तर उत्तमच.

*पुस्तके :* पाने मोजा, ऊन दाखवा. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तके नकोत. शब्दकोश, नकाशे आणि गोष्टींची पुस्तके नेहमी चालतात.

*कपडे :* धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून द्या. टिकल्या-जरीच्या साड्या शेतात उपयोगाच्या नाहीत. सुती साड्या, सुती चादरी द्या.

हे देऊ नये

वापरलेले अंतर्वस्त्र, दुधाची बाटली, मुदत संपलेली औषधे, उघडी पडलेली वायर असलेली उपकरणे, रंगाचे पोपडे उडालेली जुनी खेळणी. पडलेले-आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी डोके वाचवीलच असे नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्माही थेट देऊ नये. आधी डोळे तपासावेत.

देताना

वस्तूसोबत एक छोटी चिठ्ठी ठेवा: ही कोणाची होती, किती वर्षे वापरली, हिची काळजी कशी घ्यावी. “माझ्या आईने या मशीनवर आम्हा भावंडांचे कपडे शिवले” एवढे एक वाक्य आले की वस्तू जुनी न राहता वारशाची होते. वस्तू जुनी आहे हे लपवू नका. रांग लावून, फोटो काढून वाटप करू नका. घेणाऱ्याला पाहू द्या, निवडू द्या आणि नको असेल तर नाही म्हणू द्या. नकार देण्याची मोकळीक असेल तरच ती भेट. नाहीतर ते दान गळ्यात मारलेले असते.

भेट परत करण्याचीही त्यांची रीत आहे. कोणी मूठभर भगर देईल, कोणी मोहाची फुले, कोणी परसातली काकडी. ती नको म्हणू नका, आनंदाने घ्या. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले तरच आपण एकमेकांचे शेजारी ठरतो.

तेव्हा या आठवड्यात घरातली एकच वस्तू निवडा, ती दुरुस्त करा, चिठ्ठी लिहा आणि आपल्या मंडळीच्या सेवकांमार्फत आम्हांला कळवा. कोणत्या पाड्यावर तिची गरज आहे, हे आम्ही विचारून सांगू. वस्तू त्यानंतरच पाठवावी, ही नम्र विनंती.