रुग्णवाहिका येईपर्यंत, आणि आल्यावर

समजा, मावळातल्या औंढे गावात पावसाळ्यातली पहाट आहे. बाहेर दाट धुके आहे. आजोबा एकाएकी छाती दाबून खाली बसतात. त्यांना दरदरून घाम फुटतो, डावा हात दुखतो. कोणी म्हणते, "पित्त असेल, सोडा द्या." कोणी म्हणते, "जीप काढा, लोणावळ्याला पोचवू."

घरी आपण ज्याला 'दिल का दौरा' म्हणतो, तोच हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही व तो मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. वृद्धांना व मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही; नुसता दम लागतो.

मग जीप का नको? वाटेतच हृदयाची लय बिघडू शकते. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. अशा वेळी विजेचा धक्का देणारे यंत्र लागते. ते जीपमध्ये कोठून असणार?

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तेव्हाच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्यांत अधिक प्रगत साधने होती. गाडीत चालकाबरोबर डॉक्टरही असतो. नातू १०८ ला फोन करतो, घराची खूण नीट सांगतो. एक जण बॅटरी घेऊन रस्त्याच्या वळणावर उभा राहतो. आजोबांना चालू देत नाहीत, टेकून बसवतात.

गाडी येताच डॉक्टर नाडी, म्हणजे आपली नब्ज, पाहतात. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात. तो कमी असेल तरच नळी लावतात. (सिनेमात मात्र प्रत्येकाच्या नाकाला नळी असते!) छातीवर व हातापायांना तारा जोडून हृदयाचा आलेख काढतात. ही युक्ती नेदरलँड्सच्या आइंटहोवन यांची. त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेख पाहून कोठे जायचे ते ठरते. सर्वांत जवळचे रुग्णालय नेहमीच योग्य असते असे नाही; बंद धमनी उघडण्याची सोय तेथे हवी.

रुग्णालयात हमखास विचारतात, "दुखणे किती वाजता सुरू झाले?" गडबडीत घड्याळाकडे कोण पाहतो? नातवाने पाहिले आहे. पाच वाजून दहा मिनिटे. गाडीत चढण्यापूर्वीच त्याने ती वेळ चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती दिली आहे.