टसर, कोसा आणि पतंग : एका वन्य कीटकाच्या नामकरणाचा विचार

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर टसर रेशमाचे पतंग वाढतात. ढिवर समाजातील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत व्यवसाय होय. आरमोरीचा परिसर टसर-उत्पादनासाठी, तर भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव टसर-विणकामासाठी प्रसिद्ध आहे. ज्या कीटकावर हा सर्व व्यवहार आधारलेला आहे, त्याला मराठीत स्वतःचे असे नाव मात्र नाही. हा केवळ योगायोग आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रचलित शब्द पाहू. ‘कोसा’ हा शब्द उघडच ‘कोश’ या शब्दाशी संबद्ध आहे. पाणिनीने ‘कौशेय’ हे रूप कोशात संभवलेले या अर्थी सिद्ध केले आहे (४.३.४२). मराठीतील ‘कोसला’ हा शब्दही याच कुळातला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीच्या शीर्षकामुळे तो सुशिक्षितांच्या परिचयाचा झाला. ‘टसर’ची कथा याहून निराळी आहे. वैदिक भाषेत ‘तसर’ म्हणजे विणकराचा धोटा. तेथून तो शब्द वस्त्राकडे, वस्त्रावरून सुताकडे आणि अखेरीस कीटकाकडे आला. म्हणजे एक नाव घरट्याचे, तर दुसरे मागावरच्या साधनाचे. ‘पतंग’ या शब्दात केवळ उडण्याचा अर्थ आहे. दिव्यावर झेपावणारा कोणताही कीटक आणि आकाशात उडणारा कागदी पतंग, दोन्ही त्यात सामावतात.

या नामकरणामागे जीवशास्त्रीय कारणही आहे. टसरच्या प्रौढ पतंगाची मुखांगे अविकसित असतात. तो अन्न घेत नाही आणि प्रजोत्पादन करून थोड्याच दिवसांत मरतो. अळी मात्र चार वेळा कात टाकते, पाने खाऊन वाढते व शेवटी डहाळीला देठाने लटकणारा टणक कोश विणते. माणसाची नजर अळीच्या भुकेवर व कोशाच्या धाग्यावर खिळलेली असते. जी अवस्था उपयोगाची, तिलाच भाषेने नाव दिले.

शास्त्रीय नावांची तऱ्हा वेगळी आहे. ‘अँथेरिया मायलिटा’ यातील ‘मायलिटा’ हे नाव ड्रुरी याने १७७३ साली दिले. मायलिटा ही हिरोडोटसने उल्लेखिलेली बाबिलोनची देवता. याच प्रजातीचा उत्तर अमेरिकेच्या वनांतील सोयरा ‘अँथेरिया पॉलिफेमस’ होय. त्याच्या पंखांवरील डोळ्यासारख्या ठिपक्यांवरून ग्रीक कथेतील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. येथे नाव प्रौढ पतंगाकडे पाहून दिलेले आहे. कारण नाव देणाऱ्यापुढे पंख पसरून टाचलेला नमुना होता, जंगलातील कोश नव्हता.

पॉलिफेमसपासून रेशीम मिळविण्याचे प्रयोग करणाऱ्या त्रूव्हेलो याने १८६०च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समध्ये एक युरोपीय पतंग आणला. तो निसटून तेथील वनांचा उपद्रवी शत्रू ठरला. त्याचे इंग्रजी नाव ‘जिप्सी मॉथ’ हे एका मानवसमूहाला हीन लेखणारे असल्याने अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेने २०२१ साली ते वगळले आणि २०२२ साली ‘स्पंजी मॉथ’ हे नाव स्वीकारले. ते त्याच्या स्पंजासारख्या अंडपुंजावरून आले आहे. अर्थात तेथेही नाव पतंगावरून नव्हे, तर माणसाला ओळखता व खरवडून काढता येणाऱ्या अवस्थेवरूनच बेतले गेले.

यावरून कोशकाराला एक धडा मिळतो. ‘टसर : एक प्रकारचे रेशीम’ एवढी नोंद पुरेशी नाही. कोणती अवस्था, कोणता वृक्ष आणि कोणता बोलणारा, या तीन गोष्टी तीत आल्या पाहिजेत. अंडी, कात टाकण्याच्या पायऱ्या, कोशाचे प्रकार यांसाठी कीटक पाळणाऱ्यांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, हे त्यांच्याचकडून टिपून घ्यावे लागेल. हे काम कोणत्याही ग्रंथालयात बसून होणारे नाही, आणि व्यवसाय थांबला की त्याचे शब्दही थांबतात. नागपूरहून ही वने फार दूर नाहीत.