ओल्या वाळूवरचे ठसे

ओहोटीला आक्षीच्या समुद्रकिनाऱ्यावरची वाळू इतकी घट्ट आणि ओली असते की कुत्र्याची चालच तिच्यावर छापली जाते. पाच-सहा महिन्यांच्या जर्मन शेफर्डचे ठसे कधी खटकतात: पुढचा एक पंजा बाहेर वळलेला, त्याचा ठसा उथळ. "पिल्लू आहे, वाढलं की सुधारेल," असं मालक म्हणतात. पण घोळ त्या वाढण्यातच असतो.

कुत्र्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो, ते त्याचं मनगट. कोपर वर, छातीला लागून. तिथे दंडाच्या हाडाला खालून दोन हाडं भेटतात, रेडियस आणि अल्ना. एकाच जुवाला जुंपलेले बैलच ते! रेडियस दोन्ही टोकांनी वाढतं. अल्नाची सुमारे ८५ टक्के वाढ मात्र मनगटाजवळच्या एका कूर्चेच्या चकतीवर अवलंबून. अल्ना मागे राहिली, की रेडियस दंडाच्या हाडाला वर रेटतं आणि दंडाचं हाड अल्नाच्या माथ्यावरच्या चोचीवर दाब देतं. ही चोच, अँकोनियल प्रोसेस, शेफर्डमध्ये कूर्चेतून वेगळं हाड बनते आणि विसाव्या आठवड्यापर्यंत अल्नाशी सांधली जायला हवी. दाबाखाली ती सुटीच राहते. कोपर पूर्ण दुमडून काढलेल्या एक्स-रेत मधली काळी रेघ दिसते.

आता उपाय बघा. सर्जन चांगली अल्नाच करवतीने कापतो! दंडामागचा स्नायू वरचा तुकडा जरासा ओढून घेतो, चोचीवरचा दाब सुटतो. बहुधा एक स्क्रू घालून चोच जागी धरतात. कापलेल्या अल्नाला मात्र अनेकदा पट्टीही लावत नाहीत. वजन रेडियस पेलतं. सुटा तुकडा पावलागणिक आपली जागा शोधतो आणि फट नव्या हाडानं भरत जाते. मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. इथे हलणं हाच इलाज!

पण हे सगळं वाढ संपायच्या आत व्हायला हवं. उशीर झाला तर चोच काढूनच टाकावी लागते. लॅब्रॅडॉरच्या कोपराचं दुखणं वेगळं: सांध्याच्या आतल्या बाजूचा कंगोरा तडकतो. दुर्बिणीतून तुकडा निघतो, झीज मात्र पुढे चालूच राहते.

मांडव्याहून रो-रो बोटीनं मुंबईचा भाऊचा धक्का गाठला, की १८८६ सालचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. शस्त्रक्रिया करून परतल्यावर काही आठवडे पट्ट्यानंच फिरवायचं, भुसभुशीत वाळूत धावणं बंद. मग एखाद्या ओहोटीला पुन्हा आक्षीला जाऊन ठसे बघायचे.