शेवटच्या पंगतीचं सूप: पेरू देशाचं ‘आग्वादितो’ आपल्या स्वयंपाकघरात

तुमच्या घरी नुकताच एखादा समारंभ पार पडला असेल, तर ती रात्र आठवून बघा. साखरपुडा म्हणा, बारसं म्हणा, नाहीतर आजोबांची पंच्याहत्तरी. रात्रीचा एक वाजलाय, पाहुणे गेलेत. हॉलमध्ये खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्यात, ओट्यावर भांड्यांचा ढीग आहे. आणि घरातल्या दोघी-तिघी उभ्या उभ्याच गार पुरीला उरलेली भाजी लावून खातायत. दिवसभर सगळ्यांना आग्रह करकरून वाढणाऱ्या त्याच होत्या.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात याच वेळेसाठी एक खास पदार्थ आहे. लग्न किंवा मोठी पार्टी रात्रभर रंगली की पहाटेच्या सुमारास गरम गरम हिरवं सूप वाढलं जातं. त्यात चिकन असतं, भात असतो, बटाटा, मका आणि मटारही असतात. जे थकलेत, ज्यांना जागरण झालंय, जे शेवटपर्यंत थांबलेत, त्यांच्यासाठी ते असतं. त्याचं नाव ‘आग्वादितो दे पोयो’. पोयो म्हणजे कोंबडी, आणि ‘आग्वादितो’ हा शब्द पाण्यावरून आलाय, म्हणजे ‘पातळसर’. तिथले लोक लाडाने त्याला ‘मेलेल्याला उठवून बसवणारं’ म्हणतात!

आता पेरू म्हटल्यावर रायपूरच्या बाजारात ज्याला ‘जाम’ म्हणतात ते फळ डोळ्यांसमोर येऊ देऊ नका. हे सूप त्या नावाच्या देशातलं आहे. पण ते करायला लागणारं जवळजवळ सगळं सामान तुम्हाला शास्त्री बाजारात एका फेरीत मिळेल.

परकं वाटतं, पण आहे ओळखीचं

या सुपाची गंमत अशी की ते दोन जगांनी मिळून शिजवलंय. बटाटा मूळचा पेरूच्या बाजूचा, अँडीज पर्वतातला. आजही जागतिक बटाटा संशोधन केंद्र पेरूची राजधानी लिमा इथेच आहे, १९७१ पासून. मका आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. उलट कोंबडी, तांदूळ, कोथिंबीर, कांदा, लसूण, जिरं आणि लिंबू हे सगळं तिथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर गेलं.

त्याच सुमारास पोर्तुगीज जहाजांमुळे तिकडचे पदार्थ आपल्या किनाऱ्यावर उतरू लागले. म्हणून तर रायपूरचा भाजीवाला ‘आलू’ म्हणतो आणि आपण घरी ‘बटाटा’ म्हणतो. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगडात आलेली मराठी घरं असोत, नाहीतर नंतर नोकरीनिमित्त तात्यापारा किंवा चौबे कॉलनीत येऊन राहिलेली, बाजारातून आलू आणून बटाट्याची भाजी करणं त्यांच्या अंगवळणी पडलंय.

भात आणि भरपूर पाणी ही जोडीही इथे नवी नाही. कोकणातली पेज आपल्याला माहीत आहे, आणि बस्तरमध्येही ‘पेज’च म्हणतात. उन्हाळ्यात छत्तीसगडात बोरे-बासी खाल्ली जाते, रात्रीचा भात पाण्यात ठेवून. आणि चिल्यासोबतची धनिया-पतालची चटणी ज्याने खाल्लीय, त्याला कोथिंबिरीचा हिरवा रंग बघून दचकायचं काहीच कारण नाही.

तांदूळ कोणता घ्याल?

धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या प्रदेशात राहून हा प्रश्न सोडून कसं चालेल? मोह होईल तो दुबराज, जवाफूल किंवा विष्णुभोग घालायचा. पण हे सुगंधी तांदूळ वरणभातासाठी आणि खिरीसाठीच ठेवा. या सुपात कोथिंबिरीचा वास पुढे हवा. दोन सुगंध एकाच भांड्यात आले की दोन्ही फिके पडतात. बासमतीही नको. त्याचं लांब शीत मोकळं राहतं, सुपाला हवा तेवढा दाटपणा देत नाही.

घरातला रोजचा एचएमटी तांदूळ इथे छान बसतो. बारीक, मऊ आणि उग्र वास नसलेला. आणि हा तांदूळ आपल्याच माणसाने दिलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल-३’ धानाच्या शेतात काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत एक नवं वाण तयार केलं. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, पण त्यांचा तांदूळ विदर्भात आणि छत्तीसगडात रोज शिजतोय.

साहित्य (४ ते ५ जणांसाठी)

- हाडांसकट चिकन, शक्यतो तंगडीचे तुकडे: ७०० ग्रॅम
- एचएमटी तांदूळ: १०० ग्रॅम (साधारण पाऊण वाटी)
- कोथिंबीर, कोवळ्या देठांसकट: १०० ते १२० ग्रॅम (दोन मोठ्या जुड्या)
- पालकाची पानं: ६-७ (रंगासाठी, नसली तरी चालतील)
- मोठा कांदा: १, अगदी बारीक चिरून
- लसूण: ८ पाकळ्या, ठेचून
- पिवळी ढोबळी मिरची: १
- हिरव्या मिरच्या: २, बिया काढून
- जिरेपूड: अर्धा चमचा
- काळी मिरी: अर्धा चमचा, भरडून
- बटाटे: २ मध्यम, मोठ्या फोडी करून
- गाजर: १, चौकोनी तुकडे
- मक्याचं कणीस: १, चार तुकडे करून
- मटार: १ वाटी
- लाल ढोबळी मिरची: अर्धी, उभे काप
- तेल: २ मोठे चमचे
- गरम पाणी: पावणेदोन लिटर
- मीठ चवीनुसार, लिंबं २

पेरूमध्ये यात ‘आही आमारियो’ नावाची पिवळी-केशरी मिरची घालतात. ती तिखट असते, पण तिला फळासारखी गोडसर चवही असते. ती आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून पिवळी ढोबळी आणि हिरवी मिरची एकत्र वाटून घ्यायची. रंग आणि गोडवा ढोबळीचा, तिखटपणा हिरवीचा. तिथल्या मक्याचे दाणे टपोरे आणि कमी गोड असतात. म्हणून स्वीट कॉर्नऐवजी साधा देशी भुट्टा मिळाला तर तोच घ्या. फक्त तो कोवळा हवा.

कृती

१. चिकन कागदी रुमालाने टिपून कोरडं करा. मीठ आणि मिरपूड चोळा. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तुकडे दोन्ही बाजूंनी ३-४ मिनिटं लालसर परता आणि बाजूला काढा. तळाशी चिकटलेलं खरवडून टाकू नका, सगळी चव तिथेच आहे.

२. त्याच तेलात कांदा मंद आचेवर ७-८ मिनिटं परता. मग लसूण, जिरेपूड आणि मिरच्यांचं वाटण घाला. तेल सुटेपर्यंत, साधारण ५ मिनिटं परता.

३. कोथिंबीर आणि पालक थोड्या पाण्यात गुळगुळीत वाटा. त्यातलं दोन तृतीयांश वाटण पातेल्यात घालून ३-४ मिनिटं परता. उरलेलं झाकून ठेवा.

४. चिकन परत घाला, गरम पाणी ओता, मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर २० मिनिटं शिजू द्या.

५. तांदूळ धुऊन घाला, भिजवायची गरज नाही. सोबत बटाटे, गाजर आणि कणसाचे तुकडे टाका. १० मिनिटं शिजवा. मग मटार आणि लाल मिरची घालून आणखी ६-७ मिनिटं.

६. गॅस बंद करा. उरलेलं हिरवं वाटण ढवळून घाला आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. खोलगट वाडग्यात वाढा आणि लिंबू ज्याने त्याने आपल्या वाडग्यात पिळावं.

इथे चुका होतात

*कच्चट वास राहतो.* कोथिंबिरीचं वाटण थेट पाण्यात घातलं की असं होतं. तिसऱ्या पायरीतली ती ३-४ मिनिटं वाचवू नका.

*रंग काळपट होतो.* हिरवा रंग आंबटपणाने आणि खूप वेळ उकळल्याने उतरतो. म्हणून थोडं वाटण शेवटी घालायचं आणि लिंबू पातेल्यात कधीच पिळायचं नाही.

*सुपाची खिचडी होते.* गॅस बंद केल्यावरही भात पाणी पीत राहतो. वाढायला अर्धा तास उशीर झाला तर चमचा उभा राहील! जवळ गरम पाणी ठेवा, लागेल तसं घाला आणि मीठ पुन्हा चाखा. नावातच पातळपणा आहे, तो जपा.

*चिकन चिवट लागतं.* गावठी कोंबडी असेल तर वरची वेळ पुरणार नाही. ती आधी कुकरमध्ये शिजवून घ्या आणि तेच पाणी सुपात वापरा.

घरात सगळ्यांना चालेल असं

लहान मुलांसाठी हिरवी मिरची वगळा, नुसती ढोबळी पुरे. आजी-आजोबांसाठी चिकन हाडांवरून सोडवून बारीक तंतू करा आणि भात थोडा जास्त शिजवा. तापातून उठलेल्या माणसाला बऱ्याचदा काहीच जात नाही. त्याला वरचं पाणी, दोन चमचे भात आणि वर लिंबू एवढंच द्या. भाजीभाकरी नको म्हणणाराही वाडगा पुढे करतो.

घरात कुणी शाकाहारी असेल, किंवा गुरुवार असेल, तर त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात हीच कृती चिकनशिवाय करा. भिजवून शिजवलेली चवळी किंवा मशरूम घाला आणि चवळी शिजवलेलं पाणीच रस्सा म्हणून वापरा. हिरवा रंग, लिंबू आणि मका तोच राहतो, त्यामुळे त्यांना वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही.

एवढी काळजी घ्याच

कच्चं चिकन नळाखाली धुवायची सवय बऱ्याच घरांत आहे. पण त्याने उडालेल्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. ते नीट शिजल्यानेच मरतात, धुण्याने नाही. चिकनची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, हात साबणाने धुवा.

उरलेलं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातात असे काही जंतू असतात जे शिजवूनही पूर्ण मरत नाहीत आणि उबेत पुन्हा वाढतात. दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात निववून, फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी घालून चांगली उकळी आणा आणि मगच वाढा. पुन्हा पुन्हा गरम करू नका.

आता त्या रात्रीचं बोलू

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण रात्री एक वाजता थकलेल्या बाईने आणखी एक पातेलं चढवायचं का?

मुळीच नाही. म्हणूनच ही कृती मधून तोडता येते. चौथ्या पायरीपर्यंतचं काम आदल्या दिवशी करून, निववून, फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी घालायचं हिरवं वाटण वेगळ्या डब्यात. गाजर चिरलेलं, मटार सोललेले, बटाटे पाण्यात. मग रात्री उरतं ते एवढंच: रस्सा उकळायचा, तांदूळ आणि भाज्या टाकायच्या, गॅस बंद करून वाटण ढवळायचं. अर्ध्या तासाचं काम आणि ते कुणालाही येतं.

आणि हे ‘कुणालाही’ महत्त्वाचं आहे. ही अर्ध्या तासाची पाळी घरातल्या मुलाची, जावयाची, काकांची. दिवसभर ज्यांना पाट मांडून जेवायला बसवलं, त्यांची. पाच-सहा ओळींची कागदाची चिठ्ठी फ्रिजवर लावा: आधी काय, मग काय, किती मिनिटं. चुकण्यासारखं यात फार काही नाही.

पेरूमध्ये नाताळच्या मेजवानीतल्या उरलेल्या टर्कीचंही असंच सूप होतं. सण संपला, माणसं दमली, आता शांतपणे काहीतरी गरम घ्यायचं. आपल्याकडे सणाच्या पहिल्या पंगतीची तयारी महिनाभर चालते. शेवटच्या पंगतीला मात्र जे उरेल ते.

रायपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगला गारठा असतो. कोथिंबीर आणि मटार याच दिवसांत भरपूर येतात आणि लग्नकार्यंही निघतात. पुढच्या वेळी पाहुणे गेले की भांडी तशीच राहू द्या. वाडगे मांडा, लिंबं कापा, आणि जिने सगळ्यांना वाढलं तिला आधी खुर्चीवर बसवा.

पहिला वाडगा तिचा.