माउंटन डल्सिमर : ओळखीच्या गाण्यांपासून आरंभ

अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ प्रदेशात माउंटन डल्सिमर हे तंतुवाद्य पिढ्यान्‌पिढ्या वाजविले जात आहे. मांडीवर आडव्या ठेवलेल्या या वाद्याला बहुधा तीन किंवा चार तारा असतात. जुन्या पद्धतीत कडेच्या तारेवर सुरावट वाजते व उरलेल्या तारा तंबोऱ्याप्रमाणे षड्ज-पंचम धरून ठेवतात. केंटकीतील जीन रिची (१९२२-२०१५) यांनी ते डोंगराबाहेर नेले.

हे वाद्य सोपे मानले जाते, कारण त्याच्या पट्टीवर मूलतः सप्तकाचे सातच स्वर असतात. पेटीवरील काळ्या पट्ट्यांसारखे मधले स्वर नसतात. तरीही अनेक जण आकड्यांच्या लिपीवरून अपरिचित गाणी वाजवीत बसतात आणि काही महिन्यांत वाद्य कोपऱ्यात जाते. अनोळखी गाण्यात आपले कोठे चुकले हे कानाला कळत नाही. ओळखीच्या गाण्यात कानच शिक्षक होतो. म्हणून जे आपण सहज गुणगुणतो, तेच प्रथम घ्यावे.

‘गो टेल आंट ऱ्होडी’ या बालगीताला सा ते प एवढे पाचच स्वर पुरतात. (त्याच्या चालीचे मूळ तत्त्वज्ञ रूसो यांच्या १७५२ मधील संगीतिकेत सांगितले जाते!) त्यानंतर बेथोवेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीत घ्यावे. त्यात मंद्र पंचमाचा एकच स्पर्श अधिक आहे.

येथेच तारा कशा लावाव्यात हा प्रश्न येतो, आणि नवशिक्यांची फसगत बहुतेक येथेच होते. डी-ए-ए या जुळणीत सा तिसऱ्या पडद्यावर येतो व मोकळी तार मंद्र पंचम देते. डी-ए-डी या आज अधिक प्रचलित जुळणीत सा मोकळ्या तारेवरच असतो; त्याखालचा स्वर हवा असल्यास मधल्या तारेकडे वळावे लागते. एका जुळणीसाठी लिहिलेले आकडे दुसऱ्या जुळणीत वाजविले, तर ओळखीचे गाणेही परके वाटते. आमच्या मते आरंभी डी-ए-ए बरी.

‘अमेझिंग ग्रेस’ या जुळणीत सुरेख बसते, कारण ते मंद्र पंचमापासूनच सुरू होते. त्याचे स्वर सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच. त्यामुळे मराठी कानाला ते लवकर सापडते. जॉन न्यूटन यांचे शब्द १७७९ साली प्रसिद्ध झाले. आजची चाल त्यांना १८३५ साली जोडली गेली.

१८१८ सालचे ‘सायलेंट नाइट’ आपल्या सर्वांना पाठ असते, म्हणून पुष्कळ जण त्यापासूनच सुरुवात करतात. परंतु ते सा पासून तार सप्तकातील म पर्यंत चढते. हात तिसऱ्यापासून तेराव्या पडद्यापर्यंत न्यावा लागतो. ते चौथे किंवा पाचवे ठेवावे. नाताळाच्या दोन महिने आधी हाती घेतले, तर घरच्या गायनाला साथ करता येईल. प्रत्येक गाणे प्रथम गावे, मग कागद न पाहता वाजवावे, आणि नवे घेताना जुनी रोज एकदा फिरवावीत.